तीन रात्रींचा पाहुणा

1930 नंतरच्या ब्रिटनमध्ये यूथ हॉस्टेलात उतरायचं तर रात्रीचं भाडं एक शिलिंग होतं आणि नियम मात्र वहीभर. मोटारीने आलेल्याला दार बंद. चालत या, सायकल हाणत या, तर जागा मिळेल. दारू नाही. दिवे ठरल्या वेळी मालवायचे. अंथरायला स्वतःची पिशवीवजा चादर आणायची. सकाळी निघण्यापूर्वी वॉर्डन नेमून देईल ते काम करायचं. कुणाच्या वाट्याला जिना झाडणं येई, कुणाच्या भांडी. आणि सलग तीन रात्रींपेक्षा जास्त राहायचं नाही. चौथ्या दिवशी सॅक पाठीला लावायची आणि पुढच्या गावाचा रस्ता धरायचा.

आता काणकोणजवळच्या पाळोळ्याला किंवा गोकर्णाच्या कुडले किनाऱ्यावर जाऊन पाहावं. शुक्रवारी दोन रात्रींसाठी आलेला मुलगा पुढच्या बुधवारी काउंटरवर येतो आणि “अजून दोन दिवस एक्स्टेंड करा ना” म्हणतो. काउंटरवरची मुलगी मान वर न करता “बरं” म्हणते. दाराशी पाय धुवायला पाण्याची बादली, आत गाद्यांवर तरीही वाळू. खिडकीच्या गजांना वाळत घातलेले टॉवेल. कोपऱ्यातल्या फळीवर आधीच्या पाहुण्यांनी मागे ठेवलेली हिब्रू, रशियन, जर्मन पुस्तकं आणि अर्धवट वापरलेल्या शांपूच्या बाटल्या. कुणालाच कुठे जायचं नाही.

दोन्ही जागांचं नाव एकच, हॉस्टेल. दुमजली पलंगही तोच. पण पहिली जागा माणसाला पुढे ढकलण्यासाठी काढली होती आणि दुसरी त्याला धरून ठेवण्यावर जगते. हा उलटा फेरा कसा झाला हे पाहायला दोन कुळांत डोकवावं लागतं. एक कूळ जर्मन शाळामास्तराचं. दुसरं नारळीच्या सावलीतलं, आणि त्याला कुणी एक मूळपुरुष नाही.

मास्तरांचं नाव रिशार्ड शिरमान. जन्म 1874 चा, पूर्व प्रशियातला. नोकरीच्या निमित्ताने 1903 मध्ये ते वेस्टफालियातल्या आल्टेना या गावी आले. आल्टेना म्हणजे धातूची तार ओढणाऱ्या कारखान्यांचं गाव. अरुंद दरी, तिच्यात कोंडलेला धूर आणि कामगारांची फिकुटलेली पोरं. शिरमान गुरुजी या पोरांना वर्गातून उठवून रानात न्यायचे आणि तिथेच शिकवायचे. दिवसाची सहल असेल तोवर प्रश्न नव्हता. चारआठ दिवसांची पायपीट म्हटली की रात्री निजायचं कुठे, इथे घोडं अडायचं. खाणावळी परवडत नसत, आणि वीसेक दमलेल्या, चिखलाने भरलेल्या पोरांना घरात घ्यायला शेतकरीही सहसा राजी नसत.

26 ऑगस्ट 1909 ला ही पलटण आल्टेनाहून आखेनच्या वाटेवर होती. ब्रोल नावाच्या ओढ्याच्या खोऱ्यात संध्याकाळी वादळाने गाठलं. सुट्टीमुळे रिकामी पडलेली गावची शाळा उघडून मिळाली, पेंढा मिळाला, बाकं बाजूला सारून पोरं आडवी झाली. पोरांना झोप लागली. मास्तर मात्र गडगडाट ऐकत जागे राहिले आणि त्या रात्रीतच त्यांना सुचलं की गावोगावच्या शाळा सुट्टीत अशाच रिकाम्या असतात. एकेका दिवसाच्या चालीवर एकेक शाळा, रात्रीपुरती मुलांना खुली. बस्स. खर्च पेंढ्याचा.

कल्पना इतकी साधी होती की कुणाला आधी सुचली नाही याचंच नवल. पुढच्या वर्षी शिरमानांनी ती वर्तमानपत्रातून मांडली, मदतीचा ओघ सुरू झाला आणि 1912 मध्ये आल्टेनाच्या जुन्या किल्ल्यातच पहिलं कायमचं यूथ हॉस्टेल उघडलं. पेंढा जाऊन जाड लाकडाचे तीन मजली पलंग आले. ते पलंग आजही त्या खोल्यांत आहेत. आता ते संग्रहालय आहे. जगातल्या कुठल्याही बॅकपॅकर हॉस्टेलातल्या ‘वरचा बेड की खालचा’ या प्रश्नाचं मूळ गाव हे.

विल्हेल्म म्युंकर नावाच्या खटपट्या सहकाऱ्यासह शिरमानांनी 1919 मध्ये देशव्यापी संघटना उभारली. 1932 मध्ये अनेक देशांच्या हॉस्टेल संघटना ॲमस्टरडॅमला जमल्या आणि आंतरराष्ट्रीय महासंघाचे अध्यक्ष म्हणून त्यांनाच निवडलं. तोवर जर्मनीतच दोन हजारांवर हॉस्टेलं झाली होती. पुढल्याच वर्षी नाझी आले. हॉस्टेलं हिटलरच्या युवक संघटनेने गिळली आणि 1936 मध्ये शिरमानांना महासंघाचं अध्यक्षपदही सोडावं लागलं. तरुणांना एका छपराखाली आणणारी साखळी कुणाच्या हाती पडते यावर तिचं काय होतं हे अवलंबून असतं, एवढं त्यातून दिसलं. युद्धानंतर त्यांनी जोडाजोड पुन्हा सुरू केली आणि 1961 मध्ये ते गेले.

तीन रात्रींच्या नियमाची मुळं या पेंढ्यात आहेत. हॉस्टेल हा मुक्काम नव्हता, दोन चालींमधला श्वास होता. खाटा मोजक्या, येणारे पुष्कळ. एकाने ठाण मांडलं की मागून पावसात भिजत येणाऱ्याची जागा गेली. आपल्याकडच्या अनेक धर्मशाळांच्या पाट्यांवरही तीन दिवसांचीच अट असते, आणि तिचंही कारण तेच: मागून येणारी दिंडी.

शब्दांचंही इथेच उरकून घेऊ. हॉस्टेल, हॉटेल आणि हॉस्पिटल ही एका घरची भावंडं आहेत. मूळचा लॅटिन शब्द ‘होस्पेस’. त्याचा अर्थ पाहुणा असाही होई आणि यजमान असाही. मराठी कानाला मात्र हॉस्टेल म्हटलं की अजून रेक्टर आणि मेसची वरणभाताची ताटंच आठवतात. त्यात चूक नाही. शाहू महाराजांनी 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केल्यापासून कोल्हापुरात जातीजातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांची रांग लागली, आणि आपल्या तीनचार पिढ्यांचं हॉस्टेल ते होतं: वर्षानुवर्षं राहायचं, शिकून बाहेर पडायचं. नुसती खाट भाड्याने घेण्याला मुंबईत वेगळाच शब्द होता, ‘कॉट बेसिस’. गंमत ‘सॅक’ची. इंग्रज ‘बॅकपॅक’ म्हणतो. आपला भटक्या पाठपिशवीला नुसतं ‘सॅक’ म्हणतो आणि मोठी असेल तर ‘हॅवरसॅक’. ही हॅवरसॅक मुळात जर्मन घोडेस्वाराची ‘हाबरझाक’, म्हणजे ओटची पिशवी. तिच्यात घोड्याचा खुराक असायचा. हरिश्चंद्रगडावर मॅगीची पाकिटं वाहणाऱ्यांना ही वंशावळ ठाऊक नसते.

आता दुसरं कूळ.

बालीतला कुटा हा 1930 च्या दशकात कोळ्यांचा किनारा होता. रॉबर्ट आणि लुईझ कोक या अमेरिकन जोडप्याने 1936 मध्ये तिथे बांबूच्या आणि गवती छपरांच्या खोल्यांचं हॉटेल घातलं. कोक हवाईत लाटांवर फळी घेऊन स्वार व्हायला शिकले होते. ती विद्या त्यांनी इथे आणली. 1942 मध्ये जपानी सैन्य आलं आणि हॉटेल संपलं. पंचवीस-तीस वर्षांनी पुन्हा पाहुणे येऊ लागले तेव्हा ते लाटांच्या शोधातले ऑस्ट्रेलियन तरुण होते आणि त्यांच्याजवळ हॉटेलचे पैसे नव्हते. कुट्याच्या घरांनी आपल्या आवारात दोनचार खोल्या बांधल्या. या जागेला शब्द मिळाला ‘लोस्मेन’. फ्रेंच ‘लोजमाँ’ डचांच्या तोंडून इंडोनेशियात येता येता असा झिजला. खोलीपुढे पडवी, पडवीत टेबलावर चहाचा थर्मास, सकाळी केळं घालून केलेलं धिरडं. बालीचा कुणी माणूस हे धिरडं आपल्या घरी न्याहारीला खात नसे. पाश्चात्त्य पाहुण्याला सोसेल आणि गावातल्या केळ्यात भागेल, असा तो तोडगा होता. तो इतका चालला की थायलंडपासून नेपाळपर्यंत या सगळ्या वाटेलाच पुढे ‘बनाना पॅनकेक ट्रेल’ म्हणू लागले.

गोव्यात हाच प्रकार पडवीऐवजी घरापुढच्या ओट्यावर, बाल्कांवावर घडला.

डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्त झाला आणि दशक निम्मं सरतं न सरतं तोच लांब केसांचे पाहुणे कळंगुटला, मग बाग्याला, मग हणजूणला दिसू लागले. त्यांतला एक यर्टवर्ड माझामानियन नावाचा आर्मेनियन-अमेरिकन. एका हाताला दोन बोटं कमी, म्हणून सगळे त्याला ‘एट फिंगर एडी’ म्हणत. तो 2010 मध्ये गेला, गोव्यातच. ‘किती दिवस राहणार’ या प्रश्नाचं याहून सविस्तर उत्तर कुणी दिलेलं नाही.

ही मंडळी यायची दोन वाटांनी. एक लांबची: इस्तंबूलला सुलतानअहमत भागातल्या ‘लाले’ नावाच्या खाणावळीत जमायचं. तिला सगळे पुडिंग शॉप म्हणत, आणि तिच्या भिंतीवरच्या फळ्यावर सोबती शोधणाऱ्यांच्या चिठ्ठ्या लागत. तिथून तेहरान, काबूल, पेशावर, दिल्ली. पुढे काठमांडू किंवा गोवा. शेवटचा टप्पा मात्र पुष्कळांनी मराठी माणसांबरोबर काटला. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ या बोटी पणजीला जात. डेकवर सतरंज्या पसरलेल्या, कडेला ट्रंका आणि करंड्या, रत्नागिरी-विजयदुर्गाला उतरणारे चाकरमानी, आणि त्यांच्यात पाठीला सॅक लावलेले हे गोरे. बोट लागली की दोघांच्याही पोटात सारखंच ढवळायचं.

त्याच वेळी उलट दिशेने गोव्याचा तरुण मुंबईला येत होता. आगबोटीवर नोकरी मिळेपर्यंत त्याला राहायला जागा लागे, आणि ती होती कूड. धोबीतलाव, माझगाव भागांत गोव्याच्या एकेका गावाची एकेक कूड असे. गावच्या माणसाला नाममात्र पैशांत पडायला जागा. भिंतीशी प्रत्येकाची पेटी. संध्याकाळच्या रोझरीला हजर राहणं सक्तीचं. शिस्त, सामाईक खोली, स्वस्त दर. आल्टेनाचं नावही न ऐकता गोवेकरांनी आपलं हॉस्टेल केव्हाच उभं केलं होतं. पोरगा कुडीत पेटीवर डोकं टेकून बोटीची वाट पाहतो आहे आणि गावात त्याच्या घरची मोकळी खोली कुणा डच मुलाने महिन्याच्या भाड्याने घेतली आहे, हे चित्र 1970 च्या आसपास हणजूणच्या वाड्यांवर सहज बसतं. हिप्पींच्या आठवणींची पुस्तकं पुष्कळ निघाली. त्यांत घरमालकीण क्वचित येते, हे खटकतं. सामाईक विहिरीवर पाणी ओढायला शिकवणारी तीच होती, आणि घरामागच्या डुकरांच्या संडासाला पाहुणा घाबरला की हसणारीही तीच.

टोनी आणि मॉरीन व्हीलर हे जोडपं 1972 मध्ये लंडनहून जुनीपुराणी मिनीव्हॅन घेऊन निघालं. काबूलला त्यांनी गाडी विकली आणि वर्षअखेरीस सिडनीला पोचले तेव्हा त्यांच्या खिशात 27 सेंट उरले होते. भेटेल तो विचारी, कसं जमवलंत? 1973 मध्ये त्यांनी घरच्या टेबलावर ‘अक्रॉस एशिया ऑन द चीप’ ही पुस्तिका जुळवली. 1975 मध्ये सिंगापूरच्या एका स्वस्त हॉटेलात बसून आग्नेय आशियावरचं पिवळ्या वेष्टनाचं पुस्तक लिहिलं. लोनली प्लॅनेट नावाची प्रकाशनसंस्था यातून वाढली. हे लोक पूर्वीच्या प्रवासवर्णनकारांहून वेगळे होते. देवळाचं शिल्प कसं आहे हे ते दोन ओळींत सांगत आणि कुठल्या लोस्मेनात पंखा चालतो हे चार ओळींत.

पैशांचं गणित त्यांच्या वाचकांना लवकर कळलं. स्वस्त प्रवासात पैसा चाकांवर जातो, खाटेवर जात नाही. गाव बदललं की तिकीट आलं, रिक्षा आली, नव्या जागी दोन वेळा फसणं आलं. एका जागी पडून राहिलं की रोजचा खर्च खाली येतो. म्हणजे फुरसत हा चैनीचा नव्हे, काटकसरीचा मार्ग ठरला. शिरमान गुरुजींच्या पोरांना कमी पैशांत फिरायचं होतं म्हणून ती चालली. या पोरांना कमी पैशांत फिरायचं होतं म्हणून ती थांबली.

थांबलेल्या पाहुण्यात यजमानाचाही फायदा होता आणि तो कसा, हे थायलंडच्या बेटांवर लख्ख दिसलं. को समुईला 1970 च्या दशकात विमान नव्हतं. नारळ वाहणाऱ्या बोटींतून पाहुणे येत. नारळीच्या बागेचा मालक सुपीक जमीन मोठ्या मुलाला देई आणि वाळूची निरुपयोगी पट्टी धाकट्याला, असं तिथे सांगतात. धाकट्याचं नशीब पुढे असं काही फळफळलं की थोरल्याने कपाळावर हात मारावा. त्या पट्टीवर बांबूच्या चार खांबांवर एक खोली, वर शाकारलेलं छप्पर, पुढे हातभर पडवी. भांडवल जवळजवळ शून्य. समाजशास्त्रज्ञ एरिक कोहेन यांनी दक्षिण थायलंडमधल्या या बंगल्यांच्या धंद्यावर 1982 मध्ये निबंध लिहिला; असल्या निरुद्योगी भटक्यांकडे विद्यापीठी नजर वळवणाऱ्या पहिल्या काहींत ते होते.

खोलीचं भाडं नगण्य असे. कमाई स्वयंपाकघरात होती. प्रत्येक बंगल्याच्या नावाने एक वही. पाहुणा सकाळी धिरडं खाई, लिही. दुपारी भात, लिही. संध्याकाळी बिअर, लिही. हिशेब जायच्या दिवशी. आपल्याकडच्या वाण्याच्या उधारीच्या वहीचीच ही बहीण, फक्त हिची पानं ओली असत. ज्या दिवशी हॉस्टेलाच्या रजिस्टराची जागा या वहीने घेतली त्या दिवशी तीन रात्रींचा नियम मेला. रजिस्टराला पाहुणा चौथ्या दिवशी गेलेला हवा होता. वहीला तो चाळिसाव्या दिवशीही हवा होता.

पडवीच्या दोन खांबांना बांधलेली हॅमॉक हीही याच उलट फेऱ्याची. शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा, ‘हमाका’. कोलंबसाच्या माणसांनी 1492 मध्ये ही जाळीची झोळी पाहिली, आणि फळीवर, ओल्या दोरखंडांवर निजणाऱ्या खलाशांना ती वरदान वाटली. बोट हलली तरी माणूस पडत नाही, सकाळी गुंडाळून ठेवली की डेक मोकळा. ब्रिटिश आरमारात एका खलाशाच्या झोळीला 14 इंच रुंदीची जागा मिळे. म्हणजे मुळात ताइनोंच्या घरची खाट, मग जगातल्या सर्वांत कष्टाच्या नोकरीतलं दाटीवाटीचं अंथरूण, आणि आता दुपारी दोन वाजता कुणी त्यात आडवं पडलं की ‘हा काही करत नाही’ याचं चिन्ह. मराठी घरात लुगड्याची झोळी बांधून पोराला निजवायची रीत आहेच. तीत मोठ्या माणसाने पडून राहावं हे मात्र आजीला पटलं नसतं.

बँकॉकमध्ये 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला खाओ सान नावाच्या गल्लीतली घरं एकेक करून गेस्टहाउस होऊ लागली. खाओ सान म्हणजे कांडलेला तांदूळ. गल्ली तांदळाच्या व्यापाऱ्यांची. तिथे उतरायचं, बेटाचं तिकीट काढायचं आणि बेटावर जाऊन पडायचं.

मग दोन्ही कुळांचं लग्न लागलं ते ऑस्ट्रेलियात. शिरमानांचा पलंग आणि कुट्याची सैल दुपार, दोन्ही तिथे एका छताखाली आली. 1975 पासून काही देशांच्या तरुणांना काम करत सुट्टी घालवण्याचा व्हिसा मिळू लागला होता. केर्न्ससारख्या क्वीन्सलँडच्या उष्ण किनारी गावांत फळं तोडायला, भांडी घासायला येणाऱ्या पोरांसाठी खासगी हॉस्टेलं निघाली. त्यांनी जुन्या संघटनेची खोली उचलली आणि नियम तिथेच टाकले. रात्री कुलूप नाही, दारूला बंदी नाही, दिवसा बाहेर काढणं नाही, रात्रींची मोजणी नाही. क्वीन्सलँडमधल्याच जेम्स कुक विद्यापीठाचे फिलिप पिअर्स यांनी 1990 मध्ये बॅकपॅकरची लक्षणं मांडली. स्वस्त निवास, माणसांत मिसळण्याची हौस, स्वतः आखलेला आणि मोडता येणारा बेत. आणि त्यांत एक ठळक लक्षण होतं, तोकडी नव्हे तर लांब सुट्टी. रेंगाळणं आता व्याख्येत जाऊन बसलं.

जुन्या संघटनांनाही वाऱ्याची दिशा कळली. मोटारीवरची बंदी, सकाळची कामं, एकेक नियम गळत गेला.

भारतात या साऱ्याचे धागे उलटसुलट आले. शिस्तीचं कूळ इथे यूथ हॉस्टेल्स असोसिएशनच्या रूपाने आधी पोचलं. पुण्या-मुंबईच्या हजारो घरांत सार पासच्या ट्रेकचा फोटो असतो. कसोलचा तळ, तंबू, ठरल्या वेळी शिट्टी, झोपण्यापूर्वी मगमध्ये बोर्नव्हिटा. शिरमान गुरुजी त्या रांगेत मग घेऊन शोभून दिसले असते. दुसरं कूळ गोव्यात आणि गोकर्णात होतं, पण ते आपल्यासाठी नव्हतं. किनाऱ्यावरच्या आणि मोठ्या शहरांच्या स्टेशनालगतच्या कितीतरी स्वस्त जागा परदेशी पासपोर्ट दाखवला तरच खोली देत. देशी पोरांचा घोळका दारू पिऊन गोंधळ घालतो, हे कारण दिलं जाई. आपल्या देशात आपल्याच मुलाला खाट नाकारणारी ही पद्धत कुठल्याही पाटीवर न लिहिता वर्षानुवर्षं चालली, आणि तिची चीड यावी तितकी कुणाला आली नाही.

26 जानेवारी 1998 ला कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली आणि काणकोण, गोकर्ण रोड ही स्टेशनं मुंबईहून एका रात्रीच्या अंतरावर आली. पैसे कमावणारा, एकटा फिरणारा देशी तरुण त्यानंतरच्या दशकात तयार झाला. आणि 2013 मध्ये व्यवस्थापन आणि अभियांत्रिकी शिकलेल्या काही तरुणांनी जोधपूरला झॉस्टेल या हॉस्टेल साखळीची पहिली शाखा उघडली. मागोमाग इतर साखळ्या आल्या. मुंबईकरांची कॉट बेसिस अशी परतली, आता तिला पडदा, चार्जिंगचं भोक आणि डोक्याशी वाचायचा दिवा होता. महिला डॉर्ममुळे एकट्या मुलीला आईवडिलांसमोर मांडता येईल असा एक मुद्दा मिळाला. घरात मात्र अजून एक वाक्य अडतं: “हॉस्टेलला कशाला, तुझं शिक्षण संपलं ना?”

लॅपटॉपवर काम करणाऱ्यांची टोळधाड करोनाच्या सुमारास आली. सकाळी मीटिंग, दुपारी भरतीचा अंदाज घेऊन पोहणं, पुन्हा मीटिंग. वर्तमानपत्रांनी ‘वर्केशन’ असा कुरूप शब्द रुळवला. या पाहुण्यांमुळे वाय-फायचा वेग हे समुद्रापासूनच्या अंतराइतकंच मोलाचं झालं आणि आठवड्याचे, महिन्याचे दर पुन्हा बोलले जाऊ लागले.

शांत किनारा मात्र शांत ठेवणं कुणाला जमलेलं नाही. ॲलेक्स गारलंडच्या 1996 च्या ‘द बीच’ या कादंबरीतली पोरं नकाशावर नसलेला किनारा शोधून तो जगापासून लपवू पाहतात. तिच्यावरचा सिनेमा थायलंडच्या पी पी ले बेटावरच्या माया खाडीत चित्रित झाला, 2000 मध्ये आला, आणि मग खाडीत दिवसाला पाच हजारांपर्यंत माणसं उतरू लागली. प्रवाळ मेलं. जून 2018 मध्ये सरकारने खाडीच बंद केली आणि जानेवारी 2022 मध्ये उघडली ती माणसं मोजून, पोहण्याला मनाई करून. तिथे आता तीन रात्री सोडाच, एकही रात्र राहता येत नाही.

जुनी कामंही नव्या नावाने परतली आहेत. किनाऱ्यावरच्या बहुतेक हॉस्टेलांत ‘व्हॉलंटिअर’ असतात. दिवसाचे चारपाच तास काउंटर सांभाळायचा, चादरी बदलायच्या, नव्या पाहुण्यांना किल्ला दाखवून आणायचा. बदल्यात खाट फुकट. शिरमानांच्या परंपरेत पाहुणा सकाळी झाडू मारायचा तो पुढे निघण्याआधी. इथे तो झाडू मारतो तो निघावं लागू नये म्हणून.

इतकं होऊनही आपल्या किनाऱ्यावर एक अट अजून टिकून आहे, आणि ती कुठल्या वॉर्डनने घातलेली नाही. भरतीरेषेपासून ठरावीक अंतरात पक्कं बांधकाम करायला 1991 च्या किनारी नियमांपासून मनाई आहे. त्यामुळे पाळोळ्याच्या झोपड्या हंगामापुरत्या परवान्यावर उभ्या राहतात आणि पावसाआधी त्यांना वाळू सोडावी लागते. आपल्या परंपरेतला संन्यासी आठ महिने गावात एकेक रात्र काढून फिरतो आणि चातुर्मासात एका जागी बसतो. सह्याद्रीतल्या बौद्ध लेण्यांतले दगडी ओटेही त्या पावसाळी मुक्कामासाठीच कोरले गेले. पाळोळ्याचा क्रम नेमका उलटा. आठ महिने बैठक, पावसात उठाव.

मेच्या अखेरीस कामगार येतात. आधी चटया निघतात, मग झाप, मग प्लायच्या भिंती. प्रत्येक तुकड्यावर मार्करने आकडे घातलेले असतात, सात-डावी, सात-मागची, सात-दार, म्हणजे ऑक्टोबरात सात नंबरची झोपडी पुन्हा सात नंबरचीच होते. नट-बोल्ट डालड्याच्या जुन्या डब्यात. खांब माडांच्या मागे रचून वर ताडपत्री, ताडपत्रीवर दगड. बहुतेक पाहुणे तोवर हिमाचलाकडे सरकलेले असतात. उरलेला एखादा आपली हॅमॉक पडवीवरून सोडून दोन माडांना बांधतो, आणि कामगार त्याच्या बाजूने सहा नंबरची भिंत उचलून नेतात.